घरच्या माणसाला निमंत्रण

मुश्ताकभाई, या मंगळवारी सकाळी तुम्ही गेलात. दुकान उघडायला निघाला होतात. चपला घालताना दारातच खाली बसलात, ते उठलाच नाहीत. संध्याकाळी असरच्या नमाजानंतर दफन झालं. बुधवारच्या अंकात पान चारवर ही बातमी लागली. ती मीच लिहिली. वय, शिक्षण, मागे कोण कोण, हे सगळं त्यात आलं आहे. इथे पुन्हा देत नाही.

बातमीत जे बसत नाही, ते इथे लिहितो आहे. तुमच्याकडे असा माल नेहमी जास्त असायचा.

तुम्ही आमचे पनवेलचे वार्ताहर होतात आणि जुन्या बाजारात तुमचं घड्याळांचं दुकान होतं. मोबाईल आले तशी लोकांनी मनगटाकडे बघायची सवय सोडली. दुकानात गर्दी मात्र कमी झाली नाही. "आता गिऱ्हाईक वेळ बघायला येत नाही, घालवायला येतं," असं तुम्ही कुवेतहून आणलेल्या चष्म्याच्या वरून बघत सांगायचात. येणारा माणूस स्टुलावर बसायचा, घरातलं, गल्लीतलं, नगरपरिषदेतलं बोलायचा आणि घड्याळ न दाखवताच उठून जायचा. तुम्ही काही विचारत नव्हतात. विचारलं की माणूस उत्तर देतो आणि उत्तर दिलं की विषय संपतो, हे तुमचं मत होतं. पत्रकारितेच्या वर्गात ते कोणी शिकवत नाही.

पहिली काही वर्षं तुमचा मजकूर फॅक्सने यायचा. बातमी रीतसर असायची. कोण आलं, काय झालं, अध्यक्षस्थानी कोण होतं. शेवटी मात्र एक ओळ अशी असायची की तिचं काय करावं ते डेस्कवर आम्हाला कोणाला कळत नसे. नवीन पनवेलमध्ये बसथांब्याच्या निवाऱ्याचं उद्घाटन झालं, त्या बातमीची शेवटची ओळ अशी होती: 'निवाऱ्यात उभ्या असलेल्या प्रवाशांनी जागा सोडण्यास नकार दिल्याने पाहुणे उन्हात थांबले. बस आल्यावर निवारा मोकळा झाला व फीत कापण्यात आली.'

जागा कमी पडली की बातमी खालून कापायची, ही डेस्कची पद्धत. त्यामुळे तुमची शेवटची ओळ रोज जायची. दुसऱ्या दिवशी तुमचा फोन यायचा.

"साहेब, बातमी लागली. मेहेरबानी. पण तिचं डोकं ठेवलंत आणि जीव काढून घेतलात."

"मुश्ताकभाई, प्रवासी हलले नाहीत ही बातमी नाही."

"मग फीत कापली ही बातमी आहे? फीत तर कापायलाच आणली होती. ती कापली गेली नसती तर बातमी."

त्यानंतर तुम्ही एक युक्ती केलीत. ती ओळ शेवटी न टाकता दुसऱ्या परिच्छेदात, दोन मान्यवरांच्या मधे, लपवून पाठवायला लागलात. दोनदा ती छापून गेली. तिसऱ्यांदा संपादकांनी मला आत बोलावलं. त्या चर्चेतून असं ठरलं की या ओळींना वेगळी जागा द्यावी. शनिवारी, पान चारवर, उजव्या कोपऱ्यात, एका चौकटीत. चौकटीवर नाव नको, असं तुम्हीच सांगितलंत. नाव छापलं की स्टुलावर बसणारे जपून बोलतील, ही तुमची भीती होती. ती व्यर्थ ठरली. पहिल्याच शनिवारी सगळ्या बाजाराला कळलं. लोक तरीही येऊन बसायचे, उलट जास्तच बोलायचे. काही जण मधेच थांबून विचारायचे, "हे शनिवारी येईल काय?" आणि तुम्ही नाही म्हणालात की त्यांचा चेहरा उतरायचा.

चौकटीतल्या गोष्टी तुम्ही रचत नव्हतात. मी त्या तपासायचो, म्हणून हे खात्रीने लिहितो. सोसायटीच्या सभांवरची चौकट घ्या. गणसंख्या पुरी नसेल तर सभा अर्ध्या तासासाठी तहकूब करायची आणि नंतर आहेत तेवढ्यांवर चालवायची, असा नियम आहे. तुम्ही नवीन पनवेलच्या एका इमारतीतल्या सभेला जाऊन बसलात आणि लिहिलंत की ठरलेल्या वेळी चिटणीस आणि सतरंजी एवढेच हजर असतात, तहकुबीनंतरच्या सभेला मात्र सर्व सदस्य अगदी वेळेवर येतात. ज्या सभेला कोणी येणार नाही ती भरवल्याशिवाय ज्या सभेला सगळे येतात ती भरत नाही, असं तुम्ही शेवटी म्हटलं होतंत. त्या इमारतीच्या चिटणिसांना मी फोन केला. ते म्हणाले, "यात चूक काय आहे? सगळ्याच सोसायट्यांत असंच असतं." तीच तर चौकट होती.

एकदा आपण दोघे उरणजवळ मोरा बंदरावर गेलो होतो. धक्क्यावर गाळ साचल्याच्या तक्रारी होत्या. लाँच लागलेली नव्हती. वेळापत्रकाच्या पाटीप्रमाणे ती सुटून गेलेली असायला हवी होती. टोपली घेऊन बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईला मी विचारलं की पाटीवर अशी वेळ कशी लिहिली आहे. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "पाटी हाय ती वाचाया. लाँच जाते ती पान्यावर." तुम्ही तिथेच खाली बसलात. तिच्याशी भरतीबद्दल, सुनेबद्दल, मुंबईतल्या भावाबद्दल बोलत राहिलात. गाळाची बातमी मी एकट्याने केली. शनिवारी त्या बाईचं वाक्य चौकटीत आलं. गाळाच्या बातमीबद्दल मला कोणी काही बोललं नाही. त्या वाक्याबद्दल महिनाभर फोन येत होते.

आता पनवेलजवळच्या विचुंबे गावची गोष्ट. ती तुम्ही पुरी कधी लिहिली नाहीत आणि मला लिहू दिली नाहीत. त्यावरून आपला वाद होता आणि तो मिटलेला नाही.

विचुंब्यात तेव्हा नव्या इमारती उठत होत्या आणि लग्नं मोठी होत चालली होती. पत्रिकाही मोठ्या झाल्या होत्या. एका लग्नाची पत्रिका तुमच्या हाती पडली. घडी उलगडली तर टेबल भरेल एवढी. त्यावरून तुम्ही लिहिलंत: 'पत्रिकेत निमंत्रकांची नावे इतकी आहेत की गावात निमंत्रित उरलेले नाहीत. वधूच्या थोरल्या काकांचे नाव चौथ्या ओळीत आहे. त्यांच्या घरी मात्र पत्रिका गेलेली नाही, कारण घरच्या माणसाला कोणी पत्रिका देत नाही. घरच्या माणसाला रुसायची सोय राहावी म्हणूनच ही पद्धत पडली असावी.'

गावाचं नाव नव्हतं, माणसाचं नाव नव्हतं. मी वाचलं, हसलो आणि पुढे पाठवलं.

सोमवारी दुपारी मी तुमच्या दुकानात होतो. चहा आलेला होता. वधूचे वडील जनार्दन आत आले. हातात शनिवारचा अंक होता, काखेत पत्रिकांचा गठ्ठा. ते बसले नाहीत.

"मुश्ताकभाई, ही आमच्या घरची गोष्ट तुमी पेपरात टाकली."

"जनार्दनशेठ, बसा. नाव नाही टाकलं."

"नाव कशाला पायजे? एवडी मोटी पत्रिका गावात दुसऱ्या कोनाची हाय?" हे सांगताना त्यांच्या आवाजात थोडा अभिमानही होता. तो लगेच गेला. "दादा बोलतो, मी लग्नाला नाय येनार. बोलतो, पेपरवाल्याला समजला मला पत्रिका नाय, तुला नाय समजला."

"मग आता देऊन या."

"आता? सख्ख्या भावाला पत्रिका दिली तर तो बोलेल मला परका केला. नाय दिली तर बोलतो मला इचारला नाय. आमी करायचा काय?"

तुम्ही चहाचा कप बाजूला ठेवलात. थोरले भाऊ बाळाराम. घरात बाप लवकर गेला, तेव्हापासून तेच घरचे कर्ते. जनार्दनला त्यांनी वाढवलं. लग्न होतं ती मनीषा त्यांच्या ओटीवर लहानाची मोठी झाली होती. ती दोन दिवस जेवली नव्हती, असं जनार्दननी सांगितलं. काका नसेल तर मी बोहल्यावर उभी राहणार नाही, एवढंच ती म्हणत होती. लग्न पुढच्या रविवारी होतं.

जनार्दन निघाले. दारापर्यंत जाऊन परत आले, गठ्ठ्यातली एक पत्रिका काढली, तुमचं नाव घातलं आणि काचेवर ठेवली.

"रागावलोय तुमच्यावर," ते म्हणाले. "पन या. भाभीला घेऊन या."

ते गेल्यावर तुम्ही म्हणालात, "पाहिलंत? राग वेगळा ठेवला, पत्रिका वेगळी ठेवली." ही पुढची चौकट होईल असं मला वाटलं. तुम्ही मात्र पत्रिका घडी करून खिशात घातलीत आणि दुकान लवकर बंद केलंत.

तुम्ही काय करणार, हे मी विचारलं. माझं म्हणणं मी तेव्हाही सांगितलं होतं. वार्ताहराने बातमीत उतरू नये. आग लागली तर तो लिहितो, बादली उचलत नाही.

"आणि काडी त्यानेच टाकली असेल तर?" तुम्ही विचारलंत.

"तुम्ही टाकली नाहीत. तुम्ही लिहिलंत ते खरं होतं."

"खरं होतं म्हणूनच पेटलं ना, साहेब."

त्या आठवड्यात तुम्ही विचुंब्याला बाळाराम यांच्याकडे गेलात, एवढं मला कळलं. काय बोललात, हे विचारल्यावर तुम्ही म्हणालात, "काही नाही. रस्ता विचारून आलो." विचुंब्याचा रस्ता तुम्हाला माहीत नव्हता, हे खरं नाही.

रविवारी मी लग्नाला गेलो. निमंत्रण नव्हतं, बातमीही नव्हती. तरी गेलो. मांडवाच्या कमानीत जनार्दन उभे होते आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या खांद्यावरून मागे रस्त्याकडे बघत होते. मुहूर्ताला थोडा वेळ उरला असताना तुम्ही आलात. तुमच्या पुढे पांढरी टोपी घातलेले बाळाराम चालत होते. त्यांनी तुमचं मनगट धरलं होतं. भावाकडे त्यांनी पाहिलं नाही. कमानीतून आत येता येता त्यांचा आवाज चढला.

"खुर्ची कुटं हाय? पावना उभा हाय, दिसत नाय कोनाला? जना, आरं बगतो काय, थंडा आन."

जनार्दन धावत गेले. वधूचे वडील स्वतः ट्रे घेऊन थंडा आणताना मी पाहिले. बाळाराम यांनी ट्रेमधून बाटली उचलली, तुमच्या हातात दिली आणि भावाला म्हणाले, "पोरगी कुटं हाय?" त्यानंतर ते आत गेले. बाहेर वाजंत्री चालू होती, त्यामुळे आत काय झालं ते ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने मनीषा बाहेर आली, तेव्हा तिचा हात काकांच्या हातात होता.

तुम्ही तोपर्यंत पहिल्या रांगेत बसला होतात. थंडा प्यायला नव्हतात. डॉक्टरांनी गोड बंद केलं होतं, पण बाटली परत केली तर अपमान होईल म्हणून ती शेवटपर्यंत हातात धरून होतात. शेजारच्या माणसाने तुम्हाला तुम्ही कोणत्या बाजूचे म्हणून विचारलं. "थोरल्या काकांच्या," असं तुम्ही सांगितलंत.

सोमवारी मी तुम्हाला चौकट मागितली. वाचकांना आपण गोष्टीचा पहिला भाग सांगितला होता. उरलेला सांगणं हे आपलं काम आहे, असं माझं म्हणणं होतं आणि आजही आहे.

"पहिला भाग छापला म्हणून दुसरा घडवावा लागला," तुम्ही म्हणालात. "दुसरा छापला तर तिसरा कोण निस्तरणार?"

"लोक विचारत आहेत."

"विचारू देत. काका मांडवात आले, हे सगळ्यांना दिसलं. कसे आले, हे त्यांचं आहे. माझं नाही, तुमचं तर अजिबात नाही."

त्या शनिवारी तुम्ही उन्हाळ्यात माठ विकणाऱ्यांवर लिहिलंत. चौकट चांगली होती. मी ती रागाने छापली.

नंतर हा विषय अनेकदा निघाला. शिरढोणला एका कार्यक्रमाहून येताना तुमच्या स्कूटरवर मागे बसून मी तो पुन्हा काढला होता. तुम्ही हेल्मेटमधून काहीतरी उत्तर दिलंत, ते मला ऐकू आलं नाही. पनवेलला उतरल्यावर विचारलं तर म्हणालात, "आता विसरलो." बदल एवढाच झाला होता की तुम्ही लग्नपत्रिकांवर पुन्हा कधी लिहिलं नाहीत. चौकटीत कोणाचं घर ओळखू येईल अशी खूण राहिली तर तुम्ही स्वतः फोन करून ती काढायला सांगायचात. मला ते पटत नव्हतं. खूण काढली की ओळ बोथट होते, असं मी म्हणायचो. चारदोन वेळा तसं झालंही. बाकीच्या वेळी खूण गेल्यावर ती ओळ पनवेलमधल्या प्रत्येक घराची वाटायला लागली. हे मी तुम्हाला बोललो नव्हतो.

आणखी एक गोष्ट बोलायची राहिली. शनिवारचं पान माझ्यासमोर आलं की मी लाल पेन घेऊन आधी तुमची चौकट वाचायला बसायचो. कापायला काहीतरी सापडेल म्हणून बसायचो आणि वाचून झाल्यावर पेनाचं टोपण लावायचो. डेस्कवरच्या पोरांना नवीन आल्यावर तुमच्या जुन्या चौकटी वाचायला दिल्या जातात. बातमी कशी लिहावी हे शिकवायला मी आहे. ती कुठे असते, हे त्यांना तुमच्याकडून कळतं. तुम्हाला कळवलं असतं तर तुम्ही त्यावरही एक ओळ केली असतीत.

मंगळवारी कब्रस्तानाच्या फाटकापाशी मोठी गर्दी होती. बाजारातली बहुतेक दुकानं बंद होती. सोसायटीचे ते चिटणीस होते आणि या वेळी ते एकटे नव्हते. तुमच्या मुलाने, सलीमने, सगळ्यांना आत यायला सांगितलं. पांढरी टोपी घातलेला एक म्हातारा माणूस मूठभर माती टाकून भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. ते बाळाराम होते. शेजारी जनार्दन होते. त्या गर्दीत मी काही विचारलं नाही. विचारलं की माणूस उत्तर देतो, हे लक्षात होतं.

शुक्रवारी विचुंब्याला गेलो. बाळाराम ओटीवर बसले होते. मी बसलो. त्यांनी पाणी दिलं. मग तेच बोलायला लागले. त्यांचे शब्द टिपून घेतले आहेत, ते असे:

"तो आला तवा मला वाटला, भावाची वकिली कराया आला. मी तयारीत होतो. तर लग्नाचा विषयच नाय. पानी पिला, शेताचा इचारला, किती इमारती झाल्या त्या मोजल्या. मग खिशातना पत्रिका काडली. बोलला, बाळारामशेठ, मला पत्रिका आली हाय, पन जनार्दन माझ्यावर लय चिडला हाय. त्या मांडवात माझ्या ओळखीचा कोन नाय. एकटा गेलो तर कमानीतूनच परत पाठवतील. घरवालीला घेऊन जायाची तर हिंमत नाय. तुमी सोबत याल काय? मी बोललो, माझ्या घरच्या मांडवातना पावना परत जाईल? कोनाची हाय हिंमत? तू ये रविवारी, मी घेऊन जातो तुला. तो गेला, मंग माझ्या ध्यानात आला, मी काय बोलून बसलो ते."

हे सांगून ते हसले. मग डोळे पुसले आणि पुन्हा हसले.

जनार्दन यांनी स्वतः पत्रिका दिली होती आणि भाभींना घेऊन या म्हणाले होते, हे मी त्यांना सांगितलं. मी तिथे हजर होतो, हेही सांगितलं. "म्हायती हाय," ते म्हणाले. "जना मागून बोलला मला. लय खोटारडा मानूस."

तुमच्याकडून आलेल्या मजकुरात मला कधी खोटं सापडलं नाही. हे एक सापडलं, आणि ते तुम्ही छापायला दिलेलं नव्हतं.

हे सगळं लिहिलं तर चालेल का, असं मी बाळाराम यांना विचारलं. ते म्हणाले, "लिवा. आता कोन रुसनार हाय? फकत नाव टाकाल तवा जनाचं पयलं टाका. पोरगी त्याची होती."

जनार्दन तेव्हा घरी नव्हते. संध्याकाळी त्यांना फोन केला. छापायला त्यांचीही हरकत नाही. दादाचं नाव आधी असेल तरच, असं त्यांनी सांगितलं आहे.